टू-डी सेमीकंडक्टर आणि स्वच्छ ऊर्जा: कोल्हापुरातून वारंवार येणारे प्रश्न

मी कोल्हापुरात भौतिकशास्त्र शिकवतो आणि पातळ थरांच्या पदार्थांवर काम करतो. विद्यार्थी, त्यांचे पालक, उद्यमनगरातले कारखानदार, गुऱ्हाळवाले आणि घरावर सोलर बसवायला निघालेली मंडळी फिरून फिरून तेच प्रश्न पाठवतात. ते इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. सर, टू-डी मटेरियल म्हणजे नक्की काय? पातळ तर कागदसुद्धा असतोय की.

कागद पातळ दिसतो, पण त्याच्या जाडीत अणूंच्या लाखो रांगा असतात. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एक थर सुमारे ०.६२ नॅनोमीटर जाडीचा असतो (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). त्यात मधे मॉलिब्डेनम आणि वर-खाली गंधक, अशा अणूंच्या फक्त तीन रांगा. माणसाच्या केसाच्या जाडीत असे लाखभर थर मावतील.

हा पदार्थ उद्यमनगरात कुणालाही नवा नाही. बेअरिंगला लावायच्या मॉली ग्रीसमधली काळी पूड ती हीच. फाउंड्रीतलं ग्रॅफाइटही याच जातीचं. दोन्ही बोटाला गुळगुळीत लागतात, कारण थराच्या आतली पकड घट्ट आणि थराथरांमधली पकड अगदी सैल असते. थर एकमेकांवरून सरकतात, म्हणून वंगण होतं. त्याच सैलपणामुळे चिरोट्याचे पदर सुटावेत तसे थर सोडवताही येतात. एक किंवा मोजकेच थर वेगळे केले की तो टू-डी पदार्थ झाला.

२. म्हणजे ग्राफीनच ना?

ग्राफीन या घराण्यातलं थोरलं. २००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलोव्ह यांनी ग्रॅफाइटचे थर साध्या चिकटपट्टीने सोलून ते वेगळं केलं. २०१० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यासाठीच मिळालं. पण ग्राफीन सेमीकंडक्टर, म्हणजे प्रवाह हवा तसा चालू-बंद करता येणारा पदार्थ, नाही. त्याला बँड गॅपच (प्रश्न ३) नसतो, त्यामुळे त्यातला प्रवाह पुरता बंद करता येत नाही. वीज वाहून न्यायला ते उत्तम, पण उन्हापासून वीज करायची असेल तर बँड गॅप हवाच.

सेमीकंडक्टर भावंडं वेगळी आहेत: मॉलिब्डेनम आणि टंगस्टनची सल्फाइडं आणि सेलेनाइडं, टिन डायसल्फाइड, काळा फॉस्फरस, आणि कार्बन-नायट्रोजनचं ग्राफिटिक कार्बन नायट्राइड. या पानावर मुख्यतः त्यांच्याबद्दल बोलतो आहे.

३. पदार्थ तोच असेल तर नुसता पातळ केल्याने काय बदलतं?

इलेक्ट्रॉनला जागेवरून उठून मोकळं फिरायला लागणारी किमान ऊर्जा म्हणजे बँड गॅप. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या जाड तुकड्यात तो साधारण १.२ ते १.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतो, आणि आडवळणाचा असतो. म्हणजे नुसता प्रकाश पुरत नाही, स्फटिकाच्या कंपनांचा हातभारही लागतो. एकच थर उरला की तो सुमारे १.८ वर जातो आणि थेट होतो. प्रकाश आला की इलेक्ट्रॉन सरळ उठतो, आणि खाली येताना प्रकाश देतो. २०१० मध्ये प्रयोगांतून दिसलं की जाड तुकडा जवळपास चमकत नाही आणि एकटा थर मात्र जोमाने चमकतो.

मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट आजही हीच वाटते. रसायन तेच, एकही अणू बदललेला नाही. वरचे-खालचे शेजारी तेवढे काढून घेतले आणि स्वभाव पालटला.

४. घरावर असली पॅनलं कधी येणार? तोवर थांबू का?

थांबू नका. आज छतावर बसवायचं ते सिलिकॉनचंच. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, त्याचा लाभ घ्या.

टू-डी पदार्थांची अडचण सांगतो. एक थर, म्हणजे नॅनोमीटरहूनही पातळ, सूर्यप्रकाशाचा ५ ते १० टक्के भाग शोषतो. ही विलक्षण गोष्ट आहे, कारण सिलिकॉनला तेवढ्यासाठी सुमारे ५० नॅनोमीटर जाडी लागते. पण उरलेला ९० टक्के प्रकाश आरपार जातो. थर वाढवावेत तर बँड गॅप पुन्हा आडवळणाचा होतो (प्रश्न ३). शिवाय इतक्या पातळ पदार्थाला धातूची तार जोडताना सांध्यावरच बरीच वीज वाया जाते.

२०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने टंगस्टन डायसेलेनाइडचा लवचीक सेल केला. त्याची कार्यक्षमता ५.१ टक्के होती, पण ग्रॅममागे शक्ती ४.४ वॅट. वजन महत्त्वाचं तिथे, म्हणजे ड्रोन, उपग्रह, अंगावरची उपकरणं, याला अर्थ आहे. कौलांवर आणि स्लॅबवर वजनाची अडचण नाही, तिथे रुपयामागे वॅट किती ते बघायचं.

५. महापुरात लाइट गेली तेव्हा छतावर पॅनल असूनही घरात अंधार होता. असं का?

प्रश्न टू-डीचा नाही, पण २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर इतक्या जणांनी विचारला की इथे घेतो. बॅटरी नसलेला ऑन-ग्रिड, म्हणजे लाइनला जोडलेला, इन्व्हर्टर लाइन गेली की मुद्दाम बंद होतो. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या पॅनलच्या विजेचा धक्का बसेल. अंधार नको असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. साठवणीचं महत्त्व आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको.

६. बॅटरीत या पदार्थांचा काय उपयोग?

थरांमधल्या फटीत लिथियमचे आयन जाऊन बसतात आणि परत बाहेर येतात. ही कल्पना बॅटरीच्या इतिहासाच्या मुळाशीच आहे. १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम डायसल्फाइड या थरांच्या पदार्थात लिथियम बसवून दाखवलं, आणि २०१९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. १९८० च्या दशकात कॅनडात मॉलिब्डेनम डायसल्फाइड आणि लिथियम धातू यांचे सेल बाजारातही आले होते. आगीच्या घटनेनंतर ते परत घ्यावे लागले. दोष मॉलिब्डेनमचा नव्हता. चार्ज करताना लिथियम धातूला सुईसारखे काटे फुटतात आणि ते आतल्या आत शॉर्ट करतात.

आज वापरात असलेल्या ग्रॅफाइटची सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे ३७२ मिलिअँपिअर-तास, मॉलिब्डेनम डायसल्फाइडची सुमारे ६७०. आकडा दुपटीच्या जवळ, पण तो गाठताना पदार्थाचे थर मोडतात आणि त्याचं धातू आणि लिथियम सल्फाइड असं रूपांतर होतं. दर फेरीला तो फुगतो, आकसतो, तुकडे सुटतात. म्हणून त्याला कार्बनच्या जाळीत धरून ठेवण्यावर एवढे शोधनिबंध निघतात.

मला जास्त आशा सोडियम बॅटरीत वाटते. सोडियमचा आयन मोठा, आणि ग्रॅफाइटच्या थरांमधलं ०.३३५ नॅनोमीटरचं अंतर त्याला रुचत नाही. मॉलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये एका थरापासून पुढच्या थरापर्यंत, थराची जाडी धरून, सुमारे ०.६२ नॅनोमीटर असतात. मीठ आपल्याकडे मुबलक, लिथियम नाही.

७. सुपरकपॅसिटर बॅटरीची जागा घेणार, असं वाचलं. खरं का?

नाही. सोबतीला येणार. सुपरकपॅसिटर चार्ज पदार्थाच्या पृष्ठभागाशी साठवतो, बॅटरीसारखा आत खोल नाही. बाजारातला ३,००० फॅरडचा (फॅरड म्हणजे चार्ज साठवण्याच्या क्षमतेचं माप), २.७ व्होल्टचा सेल घ्या. फॅरडला व्होल्टच्या वर्गाने गुणून निम्मे केले की येतात जवळपास १०,९०० ज्यूल, म्हणजे ३ वॉट-तास. सेलचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास. खिशातल्या ५,००० एमएएचच्या फोनमध्ये सुमारे १९ वॉट-तास असतात, म्हणजे एका फोनसाठी असे सहा सेल बाळगावे लागतील.

पण हाच सेल काही सेकंदांत भरतो आणि लाखो फेऱ्या टिकतो. बस ब्रेक मारते तेव्हाची ऊर्जा पकडायला, क्रेनला उचलताना एकदम जोर द्यायला, इन्व्हर्टरच्या बॅटरीवरचा झटका झेलायला तो उत्तम. विहिरीवरची मोटर रात्रभर चालवायला नाही.

यात टू-डी पदार्थ येतात पृष्ठभागासाठी. एक ग्रॅम ग्राफीन पूर्ण सुटं झालं तर त्याचा पृष्ठभाग २,६३० चौरस मीटर भरतो. प्रत्यक्षात पानं परत एकमेकांना चिकटतात आणि बराचसा पृष्ठभाग आत दडतो. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं नेहमीचं रूप वीजही नीट वाहून नेत नाही. म्हणून त्याचं धातूसारखं वाहक असलेलं दुसरं रूप वापरतात, किंवा त्यात कार्बन मिसळतात.

८. मॅक्सीन यात बसतं का?

टू-डी आहे, पण बहुतेक मॅक्सीन धातूसारखी वाहक असतात, सेमीकंडक्टर नाहीत. २०११ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात ती पहिल्यांदा झाली. टायटॅनियम-ॲल्युमिनियम-कार्बनच्या थरांमधून ॲल्युमिनियम खाऊन टाकलं की टायटॅनियम कार्बाइडची पानं उरतात. सुपरकपॅसिटरला फार चांगली. बनवण्याबद्दल मात्र प्रश्न १३ आधी वाचा.

९. "ग्राफीन बॅटरी" म्हणून गाडीला, इन्व्हर्टरला विकतात ती घ्यावी का?

नाव बघून घेऊ नका. त्यातल्या बऱ्याच साध्या लेड-ॲसिड किंवा लिथियम बॅटऱ्याच असतात, फार तर इलेक्ट्रोडमध्ये कार्बनची भर असते. दुकानदाराला चार गोष्टी लेखी मागा: आतली केमिस्ट्री कोणती, किती वॉट-तास, किती टक्के डिस्चार्जवर किती फेऱ्या, वॉरंटीत काय काय येतं. उत्तरं पटली तर घ्या, मग नाव काही का असेना.

१०. नुसतं ऊन आणि पाणी, त्यातून हायड्रोजन निघतो म्हणे?

निघतो, आणि माझं मन या भागात सगळ्यात जास्त रमतं.

पाणी फोडायला कमीत कमी १.२३ व्होल्ट लागतात. प्रत्यक्षात जास्त लागतात, आणि ते जास्तीचं ओझं कमी करायला उत्प्रेरक हवा. हायड्रोजनच्या बाजूला प्लॅटिनमसारखा दुसरा नाही, पण त्याची किंमत आपण जाणतो. मॉलिब्डेनम डायसल्फाइड इथे कामी येतं, तेही वेगळ्याच रीतीने. त्याचं सपाट अंग जवळपास निष्क्रिय असतं, काम करतात त्याच्या कडा. २००५ मध्ये गणिताने हे सुचवलं आणि २००७ मध्ये प्रयोगाने दाखवलं की सक्रियता पानाच्या क्षेत्रफळाबरोबर नाही, कडेच्या लांबीबरोबर वाढते. म्हणून आम्ही मुद्दाम लहान, फाटकी, उभी राहणारी पानं वाढवतो, किंवा सपाट अंगावरचे गंधकाचे काही अणू उडवून तिथे नवी जागा करतो. इतर ठिकाणी जो दोष, तो इथे गुण.

दुसरा मार्ग तारांशिवायचा: पाण्यात पूड आणि वर ऊन. ग्राफिटिक कार्बन नायट्राइडने दृश्य प्रकाशात हायड्रोजन निघतो हे २००९ मध्ये दाखवलं गेलं. बनवायला अगदी स्वस्त, पण त्याचा बँड गॅप २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. म्हणजे साधारण ४६० नॅनोमीटरपर्यंतचा निळा-जांभळा प्रकाशच उपयोगी, बाकी ऊन वाया. त्यात बऱ्याच प्रयोगांत पाण्यात ट्रायइथेनॉलअमाइनसारखं काही टाकतात, आणि ते स्वतः खर्ची पडतं. अशा वेळी "नुसतं पाणी" म्हणणं बरोबर नाही. निबंध वाचताना द्रावणात काय काय होतं ते आधी बघा.

११. इचलकरंजीच्या रंगाच्या सांडपाण्यावर हेच चालेल का?

तत्त्व तेच: प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन आणि त्यांच्या रिकाम्या जागा रंगाचे रेणू तोडतात. चंचुपात्रात मिथिलीन ब्लू हा निळा रंग तासाभरात फिका होतो. प्रोसेस हाउसचं पाणी मात्र गडद, खारट आणि साबणट असतं. त्यात ऊन खोल शिरत नाही आणि पूड परत गाळून काढावी लागते. मुख्य प्रक्रियेनंतरची शेवटची पायरी म्हणून विचार करण्यासारखं आहे, एकट्याने नाही.

१२. आमच्या गुऱ्हाळाच्या चिपाडापासून ग्राफीन होतंय म्हणतात. आणि चुलवाणाच्या धगीवर वीज होईल का? फाउंड्रीतल्या?

चिपाडाचा कोळसा करून पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर ७००-८०० अंशांना भाजला की सच्छिद्र कार्बन मिळतो. सुपरकपॅसिटरला तो खरंच उपयोगी आहे. पण तो ग्राफीन नव्हे, आणि त्याला ग्राफीन म्हणून कुणी मशीन विकायला आलं तर रामन चाचणीचा (लेसरच्या प्रकाशाने पदार्थ ओळखायची चाचणी) कागद मागा.

उष्णतेपासून थेट वीज देणारे चांगले पदार्थही थरांचेच आहेत. बिस्मथ टेल्युराइड बाजारात मिळतं. टिन सेलेनाइडच्या एकसंध स्फटिकाने २०१४ मध्ये २.६ असा गुणांक (उष्णतेची वीज करण्यात पदार्थ किती चांगला त्याचं माप) दाखवला, तोही ९२३ केल्विनला, म्हणजे ६५० अंश सेल्सिअसला. हे टू-डी नव्हेत, थरांचे अखंड तुकडे आहेत. त्यांच्यातून उष्णता सहज वाहत नाही, हाच त्यांचा फायदा. तरी अशा मॉड्यूलमधून हाती येणारी वीज उष्णतेच्या पाच-सात टक्क्यांच्या घरात राहते. म्हणून शिरोली, गोकुळ शिरगावच्या मालकांना माझं सांगणं असतं की धग आधी धग म्हणूनच वापरा: लॅडल तापवा, स्क्रॅप तापवा. गुऱ्हाळावर ओलं चिपाड वाळवा. त्यातून उरलेल्या धगीवर एखादा सेन्सर किंवा छोटा पंखा चालवायला मॉड्यूल बसवा.

१३. एमएस्सीच्या प्रोजेक्टला यातलं काय करता येईल?

सगळ्यात सोपं कार्बन नायट्राइड. झाकणाच्या क्रुसिबलमध्ये युरिया किंवा मेलामाइन घालून मफल भट्टीत सुमारे ५५० अंशांना काही तास ठेवलं की पिवळी पूड मिळते. अमोनिया सुटतो, म्हणून भट्टी फ्यूम हूडखालीच (वायू बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटाखाली) हवी.

मॉलिब्डेनम डायसल्फाइड ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाब सोसणाऱ्या बंद भांड्यात, होतं: सोडियम मॉलिब्डेट, थायोयुरिया, पाणी, २०० अंशांच्या आसपास दिवसभर. भांडं पूर्ण गार झाल्याशिवाय उघडायचं नाही, आणि तेही हूडमध्येच, कारण हायड्रोजन सल्फाइड असतो. थिन फिल्म हवी असेल तर आपल्या शिवाजी विद्यापीठाची जुनी ओळखीची सिलार पद्धत आहे. काच एका चंचुपात्रात धन आयनांत बुडवायची, पाण्यात धुवायची, दुसऱ्यात ऋण आयनांत बुडवायची, परत धुवायची. अशा शंभरेक फेऱ्या. यंत्र महाग नाही, चिकाटी मात्र लागते.

मॅक्सीनसाठी हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं, किंवा ते जागेवर तयार करावं लागतं. ते कातडीतून आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं, आणि सुरुवातीला दुखतसुद्धा नाही. खास हातमोजे, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आणि शिकलेला माणूस शेजारी नसेल तर हा प्रयोग करू नका. पेपर एखादा कमी झाला तरी चालेल.

१४. माझी पूड खरंच टू-डी आहे का, कसं ओळखू?

एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) फुलासारख्या पाकळ्या दिसल्या म्हणजे एक थर झाला असं नाही. त्या पाकळीत दहा-वीस थर सहज असतात. एक्सआरडीत (क्ष-किरणांच्या चाचणीत) १४.४ अंशांच्या आसपासचं शिखर ठळक असेल तर थर रचून बसलेले आहेत. रामनमध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या दोन शिखरांतलं अंतर बघा: जाड तुकड्यात सुमारे २५, एका थरात १८-१९ प्रति सेंटिमीटर. मोजके थर निघाले तर "मोजके थर" असंच लिहा. त्यात कमीपणा नाही.

१५. गाइड म्हणतात आपल्या सुपरकपॅसिटरच्या पदार्थाला ग्रॅममागे हजाराच्या वर फॅरड आलेत. पेपर होईल ना?

होईलही, पण आधी स्वतःला विचारा.

इलेक्ट्रोडवर पदार्थ किती आहे? चौरस सेंटिमीटरला अर्धा मिलिग्रॅम असेल तर ग्रॅमचा आकडा फुगतोच. बाजारातल्या सेलमध्ये तो १० मिलिग्रॅमच्या घरात असतो. निकेल फोमवर (निकेलच्या स्पंजासारख्या जाळीवर) मोजलंत का? अल्कलीमध्ये निकेल स्वतःच चार्ज साठवतं, म्हणून रिकाम्या फोमचं मोजमाप वेगळं दाखवा. डिस्चार्जच्या आलेखात सरळ उतार आहे की मधे पठार? पठार असेल तर पदार्थ बॅटरीसारखा वागतोय, आणि त्याला फॅरड लावणं चूक. तिथे कूलॉम किंवा मिलिअँपिअर-तास लिहावेत. निकेल आणि कोबाल्टच्या संयुगांत हा घोळ सर्रास होतो.

अजून एक. तीन इलेक्ट्रोडच्या मापात, म्हणजे एकच इलेक्ट्रोड तपासताना, ग्रॅममागे २०० फॅरड आले, तर तशाच दोन इलेक्ट्रोडच्या सेलमध्ये एकूण वजनावर ५० येतात. दोन कपॅसिटर सिरीजमध्ये म्हणून निम्मे, आणि वजन दुप्पट म्हणून परत निम्मे. आकडा पडला म्हणून मुलं रडकुंडीला आलेली मी पाहिली आहेत. प्रयोग बरोबरच होता.

१६. हे टू-डी पदार्थ दाबल्यावर वीज देतात म्हणे. आमच्या नमुन्यात काहीच आलं नाही.

थर मोजा. २०१४ मध्ये दिसलं की मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे थर विषम असतील, एक, तीन किंवा पाच, तरच ताण दिल्यावर वीज मिळते. सम थरांत शेजारचे दोन थर उलट दिशेने बसलेले असतात आणि एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. एका थराच्या तुकड्यातून अर्ध्या टक्क्याच्या ताणाला मिळाले होते १५ मिलिव्होल्ट आणि २० पिकोअँपिअर. सेन्सरला पुरे, दिव्याला नाही.

१७. काळा फॉस्फरस दोन दिवसांत खराब झाला. आमचं काय चुकलं?

बहुधा काहीच नाही. ऑक्सिजन, ओल आणि उजेड तिन्ही एकत्र आले की तो सडतो, आणि आपल्या पावसाळ्यात तर लगेच. ग्लोव्हबॉक्समध्ये (हवा-ओल नसलेल्या बंद पेटीत) ठेवा किंवा वर बोरॉन नायट्राइडचा थर द्या.

१८. आमच्या मॉलिब्डेनम डायसल्फाइडची हायड्रोजन सक्रियता तासागणिक वाढत चाललीय, जवळपास प्लॅटिनमइतकी. कारण काय असेल?

काउंटर इलेक्ट्रोड, म्हणजे समोरचा, सर्किट पुरं करणारा, कोणता आहे? प्लॅटिनमची तार असेल तर आम्लात ती कणाकणाने विरघळते आणि तुमच्या नमुन्यावर जाऊन बसते. तासागणिक वाढतंय ते प्लॅटिनमचं काम. प्रयोगानंतर एक्सपीएसने (पृष्ठभागावर कोणते अणू आहेत ते सांगणारी क्ष-किरण चाचणी) नमुन्यावर प्लॅटिनम आहे का ते तपासा. मग काउंटरला ग्रॅफाइटची कांडी लावा, द्रावण नवं घ्या, रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्ट मोजतात तो) ताडून घ्या आणि पहिल्यापासून मोजा.